सदतीस दिवस: जुलै १९१४ च्या पेचप्रसंगाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण का निवडलं

जुलै १९१४ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेतले हजारो जवान गावी गेलेले होते. पीक कापणीला आलं होतं आणि शेतावर माणसं कमी पडू नयेत म्हणून सुगीची रजा देण्याची पद्धत होती. सर्बियावर ताबडतोब चालून जा म्हणणाऱ्या सेनाप्रमुखालाच चौकशी केल्यावर कळलं, की महत्त्वाच्या ठिकाणच्या तुकड्यांतली माणसं २५ जुलैपर्यंत परतायची नाहीत. त्यांना माघारी बोलवावं तर पीक शेतात उभं राहणार, रेल्वेत गोंधळ उडणार आणि साऱ्या युरोपला सुगावा लागणार. म्हणून गेलेल्यांची रजा तशीच चालू ठेवली. पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचे ते तीन आठवडे म्हणजे एका अर्थी सुगीची रजा होती. कुठलीही फौज हललेली नव्हती आणि बोलायला वेळ होता.

महायुद्धाची कारणं शाळेत आपण घोकतो: सैन्यवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद. चारही बरोबर आहेत. पण ही चारही कारणं १९०८ मध्ये होती, १९११ मध्ये होती, १९१२ मध्येही होती. तेव्हा महायुद्ध पेटलं नाही. मग १९१४ मध्येच का पेटलं? मुळातली कारणं आणि प्रत्यक्ष निर्णय यांना जोडणारा धागा सापडल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही. माझ्या मते तो धागा म्हणजे उद्याचं भय. युरोपातल्या जवळपास प्रत्येक राजधानीत कुणी ना कुणी हिशोब मांडून बसलं होतं, की आज लढलो तर निभावून नेऊ, तीन-चार वर्षांनी जमणार नाही.

पार्श्वभूमी

बोस्निया हा मूळचा तुर्की साम्राज्याचा प्रांत. १८७८ पासून तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीचा कारभार होता आणि १९०८ मध्ये त्यांनी तो रीतसर खालसा केला. तिथे सर्ब लोकवस्ती मोठी, त्यामुळे शेजारचं सर्बियाचं राज्य खवळलं. रशियाने सर्बियाची बाजू घेतली, पण १९०५ च्या जपानबरोबरच्या पराभवातून तो सावरलेला नव्हता. मार्च १९०९ मध्ये जर्मनीने दम भरला आणि रशियाला मान खाली घालावी लागली. रशियाची तेव्हाची राजधानी पीटर्सबर्ग, तिथल्या मुत्सद्द्यांच्या मनात हा अपमान राहिला.

पुढे १९१२-१३ ची बाल्कन युद्धं झाली. सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला. इटली आणि जर्मनीसारखी राष्ट्रं छोटी राज्यं एकत्र येऊन घडलेली सगळ्यांनी पाहिली होती. सर्बिया दक्षिण स्लाव (सर्ब, क्रोएट वगैरे) लोकांसाठी तेच करेल आणि आपलं बहुभाषिक साम्राज्य उसवत जाईल ही व्हिएन्नाची, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजधानीची, धास्ती होती. ऑक्टोबर १९१३ मध्ये सर्ब फौजा अल्बेनियात शिरल्या तेव्हा व्हिएन्नाने आठ दिवसांची मुदत देऊन इशारा दिला. सर्बिया मागे हटला. त्यातून व्हिएन्नाने धडा घेतला, की सर्बियाला धमकीचीच भाषा कळते. तोच प्रसंग पाहून रशियाने उलटा धडा घेतला: आपण पुन्हा पुन्हा नमतो म्हणून हे सोकावतात.

यावर करारांचं जाळं. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी १८७९ पासून एकमेकांना बांधलेले, १८८२ मध्ये इटली त्यांच्यात आला. पलीकडे फ्रान्स आणि रशिया यांची १८९४ पासूनची युती. ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी समझोता केला. यातला १९०७ चा समझोता आपल्या भागाशी थेट निगडित आहे. तो होता इराण, अफगाणिस्तान आणि तिबेटबद्दल, म्हणजे हिंदुस्थानच्या वेशीवर रशियाचा धोका नको म्हणून. लंडनला रशियाची मैत्री हवी होती त्यामागे हिंदुस्थानची काळजी होती, आणि ती मैत्री गमावण्याची भीती १९१४ च्या जुलैत लंडनच्या परराष्ट्र खात्यात जागी होती.

जर्मनीचं भय वेगळं होतं. पश्चिमेला फ्रान्स, पूर्वेला रशिया. जर्मन सेनापतींची योजना अशी, की आधी सहा आठवड्यांत फ्रान्सला लोळवायचं आणि मग सगळी फौज रेल्वेने पूर्वेला न्यायची, कारण अवाढव्य रशियाला आपली माणसं गोळा करून सीमेवर आणायला वेळ लागतो. सगळी योजना रशियाच्या या दिरंगाईवर उभी. आणि नेमकं फ्रेंच कर्जाच्या पैशातून रशिया पश्चिम सीमेकडे रेल्वेमार्ग वाढवत होता. रशियाचा सैन्यवाढीचा मोठा कार्यक्रम १९१७ पर्यंत पुरा व्हायचा होता. डिसेंबर १९१२ मध्येच जर्मन सेनाप्रमुख मोल्टके कैसरसमोर, म्हणजे जर्मन सम्राटासमोर, बोलून गेले होते, की युद्ध टळणार नाही आणि ते जितकं लवकर होईल तितकं बरं.

पेच

रविवार, २८ जून १९१४. ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नी सोफी बोस्नियाची राजधानी सारायेव्होत आले होते. सकाळी त्यांच्या गाड्यांच्या ताफ्यावर बाँब पडला, तो मागच्या गाडीखाली फुटला, काही माणसं जखमी झाली. दौरा रद्द झाला नाही. जखमी अधिकाऱ्याला इस्पितळात भेटायचं ठरलं आणि त्यासाठी रस्ता बदलला, पण तो बदल चालकापर्यंत पोहोचला नाही. जुन्या रस्त्याला वळलेली गाडी थांबवली गेली ती नेमकी १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपसमोर. दोन गोळ्या, दोन मृत्यू.

सर्बियाशी युद्ध नको म्हणून सेनाप्रमुखांना आवर घालणारा दरबारातला वजनदार माणूस म्हणजे हे युवराजच होते. एकट्या १९१३ मध्ये सेनाप्रमुख कॉनराड यांनी वीसहून अधिक वेळा सर्बियावर युद्धाची मागणी केली होती. त्यांना अडवणाऱ्यांतला मुख्य माणूसच आता गेला.

मारेकरी बोस्नियाचे, म्हणजे ऑस्ट्रियाचेच प्रजाजन. पण हत्यारं सर्बियातून आलेली, आणि कटामागे सर्बियाच्या लष्करी हेरखात्याचा प्रमुख 'आपिस' आणि त्याची गुप्त संघटना. सर्बियाचं सरकार त्यात होतं का, हा खरा प्रश्न होता. व्हिएन्नाने त्याच कामासाठी फ्रीडरिक फॉन व्हीझनर नावाचा कायदेतज्ज्ञ अधिकारी सारायेव्होला धाडला. १३ जुलैला त्याने तारेने कळवलं, की सर्ब अधिकाऱ्यांनी मदत केल्याचे पुरावे आहेत, पण सर्बियाच्या सरकारचा सहभाग सिद्ध करणारं काही हाती लागत नाही.

समोरचे पर्याय

व्हिएन्नापुढे तीन वाटा होत्या. पहिली, हत्येनंतर चार-आठ दिवसांत, सगळ्या युरोपची सहानुभूती ताजी असताना, सर्बियावर झटका हल्ला करायचा. फौज रजेवर, हंगेरीचे पंतप्रधान टिसा विरोधात. ही वाट बंद झाली. दुसरी, व्हीझनरने जमवलेला पुरावा युरोपपुढे ठेवून अटका, खटले आणि हमी मागायची. ही वाट कुणी नीट तपासलीच नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. राजेशाहीच्या त्या जमान्यात युवराजाच्या खुन्यांना पाठीशी घालायला खुद्द झारसुद्धा धजावला नसता. तिसरी वाट, सर्बिया मान्यच करू शकणार नाही असा निर्वाणीचा खलिता पाठवायचा आणि नकार मिळाला की चालून जायचं. परराष्ट्रमंत्री बेर्खटोल्ड यांनी ही तिसरी वाट धरली.

बर्लिनपुढे दोन पर्याय: १९१२-१३ सारखं मित्राला आवरायचं, किंवा पाठीशी उभं राहायचं. पीटर्सबर्गपुढे तीन: गप्प बसायचं, फक्त ऑस्ट्रियाच्या सीमेवर फौज जमवायची, किंवा जर्मन सीमेवरही जमवायची. यातल्या मधल्या पर्यायाची गंमत पुढे येईलच. लंडनला जर्मनीला स्पष्ट सांगता आलं असतं की आम्ही लढू, किंवा फ्रान्सला स्पष्ट सांगता आलं असतं की आमच्यावर विसंबू नका. लंडनने दोन्ही टाळलं, कारण मंत्रिमंडळच दुभंगलेलं होतं.

निर्णय आणि कृती

५ जुलैला व्हिएन्नाचा दूत होयोस सम्राटाचं पत्र घेऊन बर्लिनला आला. ऑस्ट्रियाच्या राजदूताने ते कैसरकडे नेलं. जेवणानंतर कैसर विल्हेल्म म्हणाले, काहीही करा, रशिया मध्ये पडला तरी जर्मनी तुमच्या पाठीशी आहे. दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर (जर्मनीचे सरकारप्रमुख) बेथमान-होलवेग यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. इतिहासात याला 'कोरा चेक' म्हणतात आणि शब्द अगदी चपखल आहे: रक्कम भरायची मोकळीक दुसऱ्याला. त्याच दिवशी कैसर ठरल्याप्रमाणे नॉर्वेच्या समुद्रसफरीला निघून गेले. रशिया अजून तयार नाही, तो या वेळीही गप्प बसेल. आणि नाहीच बसला तर १९१७ पेक्षा आत्ताच बरं, असा बर्लिनचा हिशोब होता.

टिसा यांनी ७ जुलैच्या बैठकीत एकट्याने विरोध केला. सर्बियाचा मुलूख गिळायचा नाही या अटीवर १४ जुलैला ते राजी झाले. १९ जुलैला बेर्खटोल्ड यांच्या घरी मंत्र्यांनी खलित्याचा मसुदा पक्का केला. कुणाला संशय नको म्हणून मंडळी ओळखू न येणाऱ्या गाड्यांतून आली. खलिता लगेच दिला नाही. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वाँकारे आणि पंतप्रधान व्हिव्हियानी २० ते २३ जुलै रशियाच्या दौऱ्यावर होते. ते बोटीत बसून निघाले, म्हणजे फ्रान्स आणि रशियाला समोरासमोर बसून सल्लामसलत करता येणार नाही, हे पाहूनच २३ जुलैच्या संध्याकाळी सहा वाजता सर्बियाची राजधानी बेलग्रेडमध्ये खलिता हातात ठेवला. दहा मागण्या आणि ४८ तासांची मुदत.

तोवर बाकीचा युरोप काय करत होता? पॅरिसच्या वर्तमानपत्रांत एका माजी पंतप्रधानाच्या पत्नीवरचा खुनाचा खटला गाजत होता. लंडनचं मंत्रिमंडळ आयर्लंडच्या प्रश्नात बुडालेलं होतं. २४ जुलैला तिथल्या परगण्यांच्या हद्दींचा काथ्याकूट संपत आल्यावर परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी खलित्याची बातमी वाचून दाखवली.

बेलग्रेडमध्ये २५ तारखेची दुपार धांदलीत गेली. उत्तराच्या मसुद्यात शेवटपर्यंत खाडाखोड चालू होती, ऐन वेळी टाइपरायटर बिघडला आणि अखेर हाताने लिहून काढलेली प्रत घेऊन पंतप्रधान पाशिच स्वतः ऑस्ट्रियाच्या वकिलातीत गेले. मुदत संपायला काही मिनिटं उरली होती. बहुतेक मागण्या मान्य किंवा घोळवून मान्य होत्या. हत्येच्या चौकशीत ऑस्ट्रियाचे अधिकारी सर्बियाच्या भूमीवर भाग घेतील, ही सहावी मागणी तेवढी नाकारली होती. ऑस्ट्रियाच्या दूताने कागदावर नजर फिरवली, संबंध तुटल्याचं पत्र दिलं आणि साडेसहाची गाडी पकडली. सामान आधीच बांधून ठेवलेलं होतं.

२६ तारखेला ग्रे यांनी ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांची परिषद सुचवली. जर्मनीने नाकारली. २८ जुलैला ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारलं. फौज खऱ्या अर्थाने तयार व्हायला १२ ऑगस्ट उजाडणार असं सेनाप्रमुख सांगत होते, तरीही घाईने पुकारलं, ते मध्यस्थीला फट राहू नये म्हणून.

आता चेंडू रशियाकडे होता. झार निकोलस यांना अर्धीच जमवाजमव हवी होती, फक्त ऑस्ट्रियाविरुद्ध. सेनापतींनी हात जोडले: तशी योजनाच तयार नाही, आणि अर्धी केली तर नंतर पूर्ण करताना रेल्वेचा सगळा बोजवारा उडेल. २९ तारखेला झारने पूर्ण जमवाजमवीचा हुकूम दिला आणि कैसरची तार आल्यावर त्याच रात्री मागे घेतला. ('विली' आणि 'निकी' या सह्यांनी हे दोन भाऊबंद एकमेकांना इंग्रजीतून तारा करत होते.) ३० तारखेला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांनी तासभर समजावलं तेव्हा झारने पुन्हा होकार दिला. झारचं मन परत पालटू नये म्हणून आता आपला टेलिफोनच मोडून टाका, असं साझोनोव्ह सेनाप्रमुखांना म्हणाले.

त्याच ३० तारखेला बर्लिनमधून व्हिएन्नाला दोन सूर ऐकू येत होते. चॅन्सेलर सांगत होते मध्यस्थी स्वीकारा. सेनाप्रमुख मोल्टके सांगत होते ताबडतोब जमवाजमव करा. बेर्खटोल्ड यांनी विचारलं, बर्लिनमध्ये राज्य करतंय तरी कोण?

रशियाची जमवाजमव सुरू होताच जर्मनीची सहा आठवड्यांची घडी बिघडायला लागली. १ ऑगस्टला जर्मनीने रशियावर युद्ध पुकारलं. घोषणेचा कागद साझोनोव्ह यांच्या हाती देताना जर्मन राजदूत पुर्तालेस खिडकीशी जाऊन रडले. त्याच संध्याकाळी लंडनहून तार आली, की फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थ राहू शकतील. ती गैरसमजातून निघालेली होती, पण कैसर खुलले: मग सगळी फौज पूर्वेलाच नेऊ. मोल्टके यांनी सांगितलं की ते शक्य नाही. वर्षभर खपून केलेलं लाखो माणसांच्या रेल्वेचं वेळापत्रक ऐन वेळी फिरवता येत नाही. भांडण सर्बियावरून, शत्रू रशिया, आणि पहिला हल्ला मात्र बेल्जियममार्गे फ्रान्सवर, कारण योजना तेवढी एकच होती. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहात होती. ४ ऑगस्टला तिचा भंग झाला आणि रात्री ब्रिटन युद्धात उतरलं.

परिणाम

चार वर्षांत ९० लाखांहून अधिक सैनिक मेले. जर्मन, रशियन, ऑस्ट्रियन आणि तुर्की अशी चार साम्राज्यं संपली. ज्या भयापोटी व्हिएन्ना आणि बर्लिन युद्धात उतरले, ते भय युद्धानेच खरं केलं.

हिंदुस्थानने १० लाखांहून अधिक माणसं परदेशी धाडली, सुमारे ७४,००० परतली नाहीत. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरताच पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या फाओला उतरली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. इराकमधल्याच कुत इथे तुर्की फौजेच्या वेढ्यात ही डिव्हिजन अडकली, घोड्याच्या मांसावर दिवस काढायची पाळी आली आणि १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला, तिने शरणागती पत्करली. कैदेतल्या वाटचालीत पुष्कळजण गेले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची आठवण जपलेली आहे. एका गावातली ४६ माणसं. बोस्निया कुठे आहे हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळेच सारखे दोषी असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. ५ आणि ६ जुलैचा बर्लिनचा शब्द आणि तो घेऊन व्हिएन्नाने लिहिलेला खलिता यांचं माप मोठं आहे. रशियाच्या ३० जुलैच्या निर्णयाने उरलेली फट बुजली, आणि लंडनने महिनाभर काही स्पष्ट न बोलून बर्लिनला चुकीचा अंदाज बांधू दिला. पण माप ठरवून झाल्यावरही काम उरतंच: नेमकी कोणती जागा होती जिथे कुणी थांबलं असतं तर चाललं असतं?

डिसेंबर १९१२ मध्ये अशी जागा सापडली होती. बाल्कन पेटलेलं असताना ग्रे यांनी लंडनमध्ये राजदूतांची परिषद भरवली, जर्मनीने ऑस्ट्रियाला आवरलं, रशियाने सर्बियाला. करार तेच होते आणि माणसंही बव्हंशी तीच होती. फरक हा, की तेव्हा बैठक आधी झाली आणि मुदती नव्हत्या. १९१४ मध्ये हत्येनंतरचे पहिले २५ दिवस व्हिएन्ना आणि बर्लिनच्या गुप्ततेत आणि बाकीच्यांच्या गाफीलपणात गेले, आणि खरी देवाणघेवाण उरलेल्या बारा दिवसांत कोंबली गेली. ग्रे यांची सूचना दोन आठवडे आधी आली असती तर नाकारायला बर्लिनला निमित्त शोधावं लागलं असतं.

जर्मनीकडे फक्त पूर्वेला लढण्याची योजना पूर्वी होती. १९१३ पासून तिचं नवं वेळापत्रक करणंच सोडून दिलं होतं. रशियाकडे अर्धवट जमवाजमवीची धड तयारी नव्हती. राजकारण्यांनी शांततेच्या काळात सेनापतींना एवढंच विचारायला हवं होतं, की 'थांबा' म्हटलं तर तुम्ही कुठे थांबू शकता. तो प्रश्न विचारला गेला १ ऑगस्टच्या संध्याकाळी.

आणि एक जागा, जिच्यापाशी मी दर वेळी अडखळतो. सर्बियाचं उत्तर कैसरनी स्वतः वाचलं ते २८ जुलैच्या सकाळी, दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी. वाचून त्यांनी लिहिलं, की युद्धाचं सगळं कारणच संपलं. ऑस्ट्रियाने हमी म्हणून फक्त बेलग्रेड ताब्यात घ्यावं आणि तिथेच थांबून बोलणी करावीत. सकाळी दहाच्या सुमाराची ही चिठ्ठी. चॅन्सेलरनी ती व्हिएन्नाला कळवली रात्री सव्वादहानंतर, आणि युद्धाचं कारण संपलं हे वाक्य गाळून. वर आपल्या राजदूताला सूचना, की आम्ही ऑस्ट्रियाला मागे खेचतोय असं वाटू देऊ नका. दुपारीच युद्ध पुकारून झालं होतं. मध्यरात्रीनंतर ऑस्ट्रियाच्या नदीवरच्या युद्धनौकांनी डॅन्यूब आणि सावा नद्यांच्या संगमाकडून बेलग्रेडवर पहिले तोफगोळे डागले.